गालिच्याचा रास्त भाव

गालिचा ही वस्तू फौजी माणसाच्या काळ्या ट्रंकेत मावत नाही. तरीही काश्मीरला पोस्टिंग झालेल्या प्रत्येक जवानाला घरून एकदा तरी विचारणा होतेच, "तिकडे गालिचे स्वस्त मिळतात म्हणे?" चोवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी बारामुल्ल्यात ऐकला, पठाणकोटला ऐकला, आणि आता एनसीसीच्या डेप्युटेशनवर दुर्ग-भिलाईला आल्यावरही ऐकतो आहे. इथे विचारणारे वेगळे आहेत. पोलाद कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालेली मंडळी कंपनीचे क्वार्टर सोडून नेहरूनगर, स्मृतिनगर, रिसाली अशा भागांत स्वतःचे घर बांधतात. घर झाले की बैठकीची खोली सजवायची असते, आणि मग गालिचा आठवतो. भंडारा, गोंदिया, नागपूरकडची बरीच मराठी कुटुंबे इथे आहेत. सुभेदार म्हटल्यावर याने मुलूख पाहिलेला असणार, असे समजून लोक मला विचारतात, "साहेब, अमुक अमुक रुपये सांगतो आहे. बरोबर आहे का भाव?"

या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. कारण गालिच्याचा रास्त भाव हा प्रश्न निदान सव्वाचारशे वर्षे जुना आहे, आणि त्याला नेहमी दोन बाजू राहिल्या आहेत. घेणाऱ्याने जास्त तर दिले नाहीत ना, ही एक. आणि विणणाऱ्याला काय मिळाले, ही दुसरी. दुकानात आपण पहिलीच बाजू पाहतो. इतिहास वाचला की कळते, दुसरी बाजू तपासल्याशिवाय पहिलीचा हिशोबही लागत नाही.

सुरुवात आपल्या शब्दांपासून करू. पुण्यात बुधवार पेठेजवळ फरासखाना पोलीस ठाणे आहे. पुणेकरांना तिथे फार तर वाहनाच्या दंडासाठी जावे लागत असेल, पण नाव मात्र फौजी आहे. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, गालिचे, बिछायत यांचे सरकारी खाते. फर्राश म्हणजे ते अंथरणारा आणि सांभाळणारा माणूस. लष्कर मुक्कामाला पोचण्याआधी फर्राश पोचलेला असे. आजच्या फौजेत आम्ही ज्याला क्वार्टरमास्टर स्टोअर म्हणतो, त्याचाच हा पूर्वज. दुसरा शब्द जमखाना. आपल्याकडे लग्नकार्यात अजूनही मोठ्या रंगीत सतरंजीला जमखाना म्हणतात. या जमखान्यांचे जुने गाव म्हणजे धारवाड जिल्ह्यातले नवलगुंद. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यातच होता. तिथे हे काम बायका करतात, उभ्या मागावर. नवलगुंदच्या या दऱ्यांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. थोडक्यात, जमिनीवर अंथरायच्या वस्तू आपल्याला नव्या नाहीत. नवा आहे तो बाजार, जिथे विणणारा आणि घेणारा एकमेकांना कधीच भेटत नाहीत.

आता गालिच्याच्या भावाची एक जुनी नोंद पाहा. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी' लिहिली. तिच्यात बादशाही फरासखान्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अकबराने अनुभवी विणकर नेमले, आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर ही या कामाची मोठी ठिकाणे झाली, इराणी गालिच्यांची मातब्बरी उरली नाही, असे तो सांगतो. पुढे तो हिशोबच देतो. शाही कारखान्यात विणलेल्या सुमारे वीस गज लांब आणि साडेसहा गज रुंद अशा एका गालिच्याला १८१० रुपये खर्च आला, आणि जाणकारांनी त्याची किंमत २७१५ रुपये ठरवली.

कागद-पेन्सिल घेऊन पाहा. १८१० ची दीडपट बरोबर २७१५ होते. म्हणजे बनवायला लागलेला खर्च आणि बाजाराने मानलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही लिहून ठेवल्या पाहिजेत, ही समज त्या काळी होती. लांबी-रुंदी लिहिली, खर्च लिहिला, मग जाणकारांना विचारले. आपण दुकानात यातली पहिलीही गोष्ट विचारत नाही. नक्षी पाहतो, हात फिरवतो आणि शेवटचा भाव विचारतो.

अकबराच्या कारखान्यात विणकर पगारी होता. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी खर्चाचा आकडा खाली आणायची एक सोपी युक्ती शोधली. मजूर असा निवडायचा, ज्याला मजुरी द्यावीच लागत नाही. ही युक्ती म्हणजे तुरुंग.

भिलाईहून वर गेले की जबलपूर लागते. तिथे ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनच्या काळात, १८३० च्या दशकाच्या अखेरीस, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी उद्योगशाळा निघाली. कालपर्यंत वाटसरूंच्या गळ्याला रुमाल लावणारे हात तिथे तंबू आणि गालिचे विणू लागले. १८५१ मध्ये लंडनला मोठे प्रदर्शन भरले. त्यात हिंदुस्थानी गालिचे युरोपने पाहिले आणि मागणी वाढली. मागणी वाढली तसे लाहोर, आग्रा, येरवडा, बिकानेर इथल्या तुरुंगांतही माग बसले.

येरवड्याचा तुरुंग १८७१ चा. विजापूरच्या असर महालात आदिलशाही काळापासून जपलेले जुने गालिचे होते, त्यांचे नमुने येरवड्याच्या कैद्यांनी विणले. आग्र्याच्या तुरुंगातला एक गालिचा तर आजही इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात आहे. व्हिक्टोरिया राणीसाठी कैद्यांनी विणलेला हा अखंड गालिचा वजनाने सुमारे दोन टन भरतो. १९९२ मध्ये त्या किल्ल्याला आग लागली, तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा त्या पन्नास जणांची फटिग ड्यूटी डोळ्यांसमोर आली. मग वाटले, उचलायला एवढी माणसे लागली, तर विणायला किती लागली असतील, आणि त्यांची नावे कुणी लिहून ठेवली असतील का?

तुरुंगातला माल स्वस्त पडे. कैद्याला पोटापुरते दिले की झाले. बाहेरच्या विणकराला मात्र घर चालवायचे होते. तो या भावाशी टक्कर देऊ शकेना. मग त्याने काय केले? गाठी विरळ केल्या, वेळ वाचवला, आणि नैसर्गिक रंगांऐवजी नवे स्वस्त रासायनिक रंग वापरले. हे ज्याने उघडपणे लिहिले तो जॉर्ज बर्डवुड हा इंग्रजच होता, आणि गंमत म्हणजे जन्माने बेळगावचा, म्हणजे आमच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरच्या गावचा. मुंबईत डॉक्टर म्हणून त्याने नोकरी केली, तिथले सरकारी वस्तुसंग्रहालय सांभाळले. १८८० मध्ये 'द इंडस्ट्रियल आर्ट्‌स ऑफ इंडिया' हे पुस्तक लिहिले आणि तुरुंगाच्या गालिच्यांनी पिढीजात विणकरांचा धंदा व कला कशी बुडते आहे, यावर त्यात टीका केली. लंडनच्या दिवाणखान्यातल्या माणसाला वाटत होते, आपल्याला गालिचा स्वस्तात मिळाला. त्या स्वस्ताईची भरपाई लाहोरच्या आणि आग्र्याच्या गल्लीतले कुणीतरी करत होते.

कैद्याच्या मजुरीचा प्रश्न सुटायला आणखी शंभर वर्षे गेली. सक्तमजुरीच्या कैद्यालाही त्याच्या कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले, आणि त्यातला काही भाग गुन्ह्यात ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी बाजूला काढावा, असेही सांगितले. महाराष्ट्रातल्या कारागृहांत आजही सतरंज्या विणल्या जातात.

तुरुंगानंतर स्वस्त हातांचा दुसरा झरा सापडला तो लहान मुलांचा. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशातला भदोही-मिर्झापूरचा पट्टा हातविणीच्या गालिच्यांचे देशातले सर्वांत मोठे केंद्र झाला. माल बहुतेक परदेशी जाई. मागणी वाढली, तशी बिहारमधल्या आणि आज झारखंडमध्ये असलेल्या पलामूसारख्या भागांतून मुले आणली जाऊ लागली. आईबापांच्या हातावर थोडी उचल टेकवायची आणि मूल मागावर बसवायचे. कोवळ्या बोटांनी गाठ बारीक बसते, असे धंद्यात मुद्दाम सांगितले जाई. खरे कारण एवढेच, की मूल पगार मागत नाही आणि पळून जात नाही. बारीक गाठीचा नामी कारागीर हा मुरलेला माणूसच असतो. ते वर्षानुवर्षांचे काम आहे.

१९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात मुलांना मनाई असलेल्या कामांच्या यादीत गालिचे विणणे नाव घेऊन घातले गेले. पण कायद्याने माग थांबले नाहीत. विदिशाचे कैलाश सत्यार्थी आणि त्यांचे सहकारी धाडी घालून मुले सोडवत होते. त्यांच्या लक्षात आले, की एका मागावरून मूल सोडवले तर दुसऱ्यावर नवे बसते. तेव्हा घेणाऱ्यालाच यात ओढले पाहिजे. त्यातून १९९४ मध्ये रगमार्क हे चिन्ह निघाले. या गालिच्यावर बालमजूर बसवलेला नाही, अशी तपासणी करून दिलेली ती खूण. आज तिचे नाव गुडवीव्ह आहे. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या गालिचा मागांवरच्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मुलांच्या शिक्षणाची, आरोग्याची आणि आहाराची जबाबदारी सरकारांवर टाकली. २०१४ मध्ये सत्यार्थींना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

मंडळी, हे सगळे सांगण्याचे कारण असे, की "फार स्वस्त मिळाला" हे वाक्य ऐकले की मी आता जरा थांबतो. स्वस्त मिळण्याची कारणे तीनच. एक, वस्तू सांगितली ती नाही. दोन, वस्तू तीच आहे, पण कुणाची तरी मजुरी कापली गेली आहे. आणि तीन, वस्तू मुळात साधी आहे आणि तिचा भावही साधा आहे. तिसरे कारण असेल तर आनंदाने घ्यावी. ते ओळखायचे कसे, हाच खरा प्रश्न.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या काकांच्या घरी एक फिरता विक्रेता आला. काका कारखान्यात प्लेट मिलला होते, मूळचे साकोलीकडचे. मुलीच्या लग्नाआधी बैठकीत गालिचा हवा होता. पाच बाय सात फुटांचा गालिचा त्याने अंथरला. काश्मिरी, हाताने विणलेला, इंचाला अठरा बाय अठरा गाठी, असे सांगितले. भाव पंचेचाळीस हजार. काकांनी घासाघीस करून तो बावीस हजारांवर आणला आणि मला हाक मारली.

"या सुभेदार साहेब, पाहा बरं. अर्ध्याहून खाली आणला मी त्याले."

मी म्हटले, "काका, आधी गुणाकार करू."

पाच बाय सात फूट म्हणजे साठ बाय चौऱ्याऐंशी इंच. चौरस इंच झाले ५०४०. एका चौरस इंचात अठरा गुणिले अठरा, म्हणजे ३२४ गाठी. एकूण गाठी १६,३२,९६०. हात बसलेला कारागीर दिवसभरात आठ हजार गाठी मारतो असे धरले, तरी दोनशे चार दिवस लागतात. दिवसाला तीनशे रुपये मजुरी धरा, आणि ही काही फार मजुरी नव्हे. नुसत्या विणकामाचे झाले ६१,२०० रुपये. अजून लोकर, रंग, नक्षी काढणारा, धुलाई, कातरणी, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा बाकीच आहे. मग हा बावीस हजारांत देतो कसा?

काका गप्प झाले. मी गालिचा उलटा करायला सांगितला. मागे जाड कापड चिकटवलेले होते. हाताने गाठ मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर प्रत्येक गाठ दिसते आणि पुढची नक्षी मागेही वाचता येते. मागे कापड असेल तर तो टफ्टेड गालिचा. म्हणजे ताणलेल्या कापडात यंत्राच्या बंदुकीने लोकर घुसवतात, ती निघू नये म्हणून मागून रबरी चीक लावतात आणि वर कापड चिकटवतात. तोही हाताचाच माल, वाईट नाही, पण तो काही दिवसांत होतो, दोनशे दिवसांत नाही. विक्रेता म्हणाला, "हाताचाच आहे, साहेब." ते खोटेही नव्हते. पण 'हाताचा' आणि 'हाताने गाठ मारलेला' यांत काही महिन्यांचे अंतर आहे.

काकांचे मला नवल वाटले ते वेगळ्या कारणाने. भिलाईचा कारखाना उभा राहिला तो १९५५ च्या सोव्हिएत कराराने. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. इथून रेल्वेचे रूळ जातात. 'विक्रांत' या आपल्या विमानवाहू नौकेसाठी ज्या कारखान्यांचे पोलाद गेले, त्यांत भिलाईही आहे. इथली एकही प्लेट टेस्ट सर्टिफिकेटशिवाय गेटाबाहेर जात नाही. जाडी किती, ग्रेड कोणती, हीट नंबर काय, हे सगळे कागदावर असते. तीस वर्षे हा कागद हातात घेतलेला माणूस गालिचा घेताना मात्र विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहतो. हे त्यांना बोलून दाखवले तेव्हा काका हसले आणि म्हणाले, "खरं आहे. लोखंडाले कागद मागतो आन् लोकरीले नाही."

काश्मीरच्या कारागिराकडे असा कागद पूर्वीपासून आहे. त्याला तालीम म्हणतात. कोणत्या ओळीत कोणत्या रंगाच्या किती गाठी, हे खुणांच्या लिपीत लिहिलेले असते आणि विणकर ते वाचत विणतो. बारामुल्ल्याला असताना मी एका घरात हे पाहिले. बाप तालीम वाचत होता आणि दोघे भाऊ त्या सुरात गाठी मारत होते. आम्ही गस्तीवर त्या घरावरून महिनोन्‌महिने गेलो, आणि मागावरचा गालिचा दर खेपेला फार तर वीतभर वर चढलेला दिसायचा. काश्मिरी गालिच्याच्या नावावर यंत्राचा किंवा टफ्टेड माल खपवला, की ग्राहक तर फसतोच, पण सर्वांत मोठा घाटा त्या घराचा होतो. त्याचा खरा भाव लोकांना महाग वाटू लागतो. म्हणून आता मानांकन मिळालेल्या काश्मिरी गालिच्यांना २०२२ पासून क्यूआर कोडचे लेबल लावण्याची सोय झाली आहे. मोबाईलवर कोड वाचला की माल कुठला आणि कशाचा, ते समजते. काश्मिरी म्हणून मोठी रक्कम मोजायची असेल, तर हे लेबल मागायला लाजू नये.

मग साधा आणि रास्त भावाचा गालिचा आहे कुठे? तो आपल्याच राज्यात आहे. अंबिकापूरजवळ मैनपाट नावाचे पठार आहे. थंड हवेमुळे लोक त्याला छत्तीसगडचे शिमला म्हणतात. १९५९ नंतर तिबेट सोडून आलेल्या निर्वासितांना १९६२-६३ च्या सुमारास इथे वसवले गेले. त्यांनी आपला माग सोबत आणला. तिबेटी गाठ वेगळी असते. मागावर आडवी सळई धरतात, लोकर तिच्यावरून गुंडाळत नेतात, आणि ओळ पुरी झाली की सुरीने कापून सळई मोकळी करतात. त्यामुळे काम लवकर होते आणि लव जाड राहते. जुन्या पद्धतीचा बैठकीचा गालिचा साधारण तीन बाय सहा फुटांचा. चौरस इंचाला साठ गाठी धरल्या तर त्यात दीड लाखाच्या थोड्या वर गाठी होतात. काश्मिरी हिशोबातल्या सोळा लाखांशी ताडून पाहा. म्हणजे मैनपाटचा गालिचा बराच स्वस्त असला, तर त्यात कुणी कुणाला फसवलेले नाही. कामच तेवढे आहे, आणि जाड लोकरीमुळे तो टिकतोही छान. छत्तीसगड हस्तशिल्प विकास मंडळाच्या शबरी एम्पोरियममध्ये असा माल लावलेल्या किमतीला मिळतो. घासाघिशीची हौस तिथे भागत नाही, एवढेच.

काकांना शेवटी काय घ्यायचे ते मी सांगितले नाही. पण सुपेला आणि पॉवर हाऊसच्या बाजारात त्यांच्याबरोबर दोन रविवार हिंडलो. तिथे जे पाहिले ते इतरांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

दुकानात 'गालिचा' या एकाच नावाखाली चार वस्तू विकल्या जातात: हातगाठीचा, टफ्टेड, यंत्रमागाचा आणि रोलमधून कापून मिळणारा कार्पेट. भाव विचारण्याआधी यातला कोणता, ते विचारा आणि बिलावर तसे लिहून घ्या. यंत्रमागाच्या गालिच्याला झालर बहुधा नंतर शिवलेली असते. हातगाठीच्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचे धागे स्वतःच असतात, ती वेगळी निघत नाही.

लोकर की सिंथेटिक, याची परीक्षा आगीने होते. दुकानदाराच्या परवानगीने लवेचा एक तंतू काढा. झालरीचा घेऊ नका, कारण झालर बहुधा सुती असते. लोकर किंवा खरे रेशीम जाळले तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. सिंथेटिक तंतू वितळून कडक मणी होतो. 'आर्ट सिल्क' कागदासारखे जळते. ते रेशीम नव्हे, व्हिस्कोज असते. तंतू काढू देत नसेल, तर दुकानदाराकडून बिलावर 'शुद्ध लोकर' एवढे दोन शब्द लिहून मागा. पेन हातात घेतले की बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

रोलचा कार्पेट घेताना खोलीचे माप घरूनच नेलेले बरे. समजा खोली अकरा बाय चौदा फूट, म्हणजे १५४ चौरस फूट. रोल मात्र चार मीटर, म्हणजे तेरा फूट एक इंच रुंद. चौदा फूट कापून घेतले तर पैसे १८३ चौरस फुटांचे द्यावे लागतात. एकोणतीस-तीस फूट वाया. हा तुकडा कुणाचा, हे आधी ठरवा. तो तुमच्या पैशाचा आहे, तेव्हा घरी आणा, पायपुसणी होतील. कार्पेट, खालचा फोम आणि बसवण्याची मजुरी या तिन्हींचे आकडे वेगवेगळे मागा. एकच ठोक आकडा सांगितला, की कशात काय मिसळले ते कळत नाही.

आणि 'फौजी डिस्काउंट'. माझे केस पाहून एका दुकानदाराने मला वीस टक्के सूट सांगितली. मी बाहेर आलो आणि अर्ध्या तासाने काकांना एकटे आत पाठवले. त्यांना त्याच गालिच्याचा भाव माझ्या सुटीनंतरच्या भावापेक्षा कमी सांगितला. सैनिकाचा मान ठेवणारी दुकाने आहेत, नाही असे नाही, पण सूट कशावर दिली ते आधी पाहावे.

फौजेत आम्हाला हे शिकवायला कुणी पुस्तक देत नाही. स्टोअरमध्ये बसले की आपोआप समजते. प्रत्येक जवानाला दरी मिळते. ती घेताना लांबी, रुंदी, वजन, रंग, सुताचा प्रकार हे सगळे आधी लिहिलेले असते, आणि ताडून पाहायला सील केलेला नमुना ठेवलेला असतो. नमुन्याशी जुळली नाही तर गाठोडे परत जाते. जानेवारी २०२१ मध्ये खादी आयोग आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस दल यांच्यात दऱ्यांचा करार झाला. १.७२ लाख सुती दऱ्या, किंमत ८.७४ कोटी रुपये. दरीची लांबी १.९८ मीटर, रुंदी १.०७ मीटर, रंग निळा. भागाकार केला तर एक दरी सुमारे ५०८ रुपयांना पडते. विणणारे खादीचे कारागीर, वापरणारे हिमालयातल्या चौक्यांवरचे जवान. माप उघड, किंमत उघड. तिच्यावर मोर नाहीत आणि वेलबुट्टीही नाही, पण हिशोब इतका स्वच्छ आहे की कुणीही तपासून पाहावा.

आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. लोक ती खर्चाच्या बाबतीत वापरतात. मी तिचा अर्थ शब्दशः घेतो. अंथरूण आधी नीट पाहा. उलटे करून पाहा, मोजून पाहा, आणि ते विणायला किती दिवस लागले असतील याचा गुणाकार करा. त्या गुणाकारात विणणाऱ्याची मजुरी बसत असेल आणि तुमच्या खिशालाही झेपत असेल, तर तो भाव रास्त. त्याहून खाली उतरवून मिळवलेल्या दोन हजारांची बढाई मारण्यात अर्थ नाही. आणि गुणाकार फार मोठा निघाला, तर मैनपाटचा साधा गालिचा किंवा सोलापूर-पानिपतची चांगली सतरंजी घ्यावी. पानिपत म्हटले की आपल्याला विश्वासराव आणि भाऊसाहेब आठवतात. पण आज तिथले हजारो लोक दऱ्या आणि घोंगड्या विणून पोट भरतात, हेही लक्षात ठेवावे.

काकांनी सतरंजीच घेतली, तीही मोठी. मुलीच्या लग्नात सगळी पंगत तिच्यावर मावली.

जय हिंद.